टेम्पो येण्याआधी पत्र लिहा

दहिसरमधल्या सगळ्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना ही विनंती आहे. मंडळ कुठलंही असो. भजनी मंडळ, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, हास्यक्लब, व्यायामशाळा, ढोलपथक, वाचनालय, नाहीतर सोसायटीचा गणेशोत्सव.

तुमचा एखादा सभासद दहिसर सोडून चालला असेल, तर त्याला ओळखीचं पत्र द्या. लेखी द्या. तो निघण्याआधी द्या.

निरोप समारंभ आपण करतोच. शाल देतो, नारळ देतो, चार जण बोलतात, बटाटेवडा होतो, फोटो निघतो. ते सगळं चांगलंच आहे. पण शाल कपाटात जाते आणि फोटो मोबाइलमध्ये राहतो. नव्या ठिकाणी त्या माणसाच्या उपयोगी पडेल असं त्यात काही नसतं.

दोन-तीन परिच्छेदांचं पत्र उपयोगी पडतं. त्याला पैसे लागत नाहीत. अर्धा तास लागतो.

कोण कोण चाललंय

जरा आजूबाजूला बघा. जुन्या इमारती पुनर्विकासाला चालल्या आहेत. बिल्डर भाडं देतो, पण तेवढ्या भाड्यात दहिसरमध्येच घर मिळेल असं नाही. मग माणसं चेकनाक्यापलीकडे जातात. मीरा रोड, भाईंदर, नायगाव, वसई, विरार. इमारत उभी राहिली की परत येऊ, असं म्हणून जातात. त्याला किती वर्षं लागतील हे कुणालाच सांगता येत नाही.

काही जणांचा मुलगा पुण्याला असतो, मुलगी बंगळुरूला असते. आईवडील उतारवयात तिकडे राहायला जातात. कुणी निवृत्त होऊन कोकणातलं घर उघडतं. कुणी शिकायला किंवा नोकरीला परदेशी जातं. लग्न होऊन मुली जातात.

मीरा रोड आपल्यापासून एकच स्टेशन आहे. पण नाका ओलांडला की महापालिका बदलते, सकाळी फिरायची बाग बदलते, ओळखीचे चेहरे बदलतात. एका स्टेशनाच्या अंतरावरही माणूस अनोळखी होतो. मग पुण्याला किंवा टोरांटोला गेलेल्याचं काय होत असेल, याचा विचार करा.

पत्र नसलं की काय होतं

तुमच्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं तबला वाजवणारे काका विरारला जातात. तिथल्या मंडळात पहिल्या दिवशी मागे बसतात. आपण होऊन सांगायचा त्यांचा स्वभाव नसतो. तिथले लोकही विचारत नाहीत. महिन्याभराने काका जायचं बंद करतात. घरी म्हणतात, "आपल्याला नाही जमायचं तिकडे."

महिला मंडळाचा जमाखर्च चोख ठेवणाऱ्या ताई नव्या सोसायटीत जातात. तिथल्या मंडळाला खजिनदार हवा असतो. पण नव्या माणसाच्या हाती पैसे कसे द्यायचे? त्यांचंही बरोबरच आहे. ताईंकडे दाखवायला काही नसतं. मंडळ खजिनदार शोधत राहतं आणि ताई दुपारभर घरी बसून राहतात.

सर्वांत जास्त त्रास वयस्कर माणसांना होतो. ऐंशीला टेकलेल्या माणसाने नव्याने ओळखी करून घ्यायच्या म्हणजे सोपं नाही. सकाळच्या चार मित्रांची सवय सुटली की ते घराबाहेर पडणंच सोडतात. मग जेवण कमी होतं, झोप कमी होते, मुलगा आणि सून काळजीत पडतात.

पत्र म्हणजे विरजण. चमचाभर पुरतं, पण ते नसेल तर दूध कितीही चांगलं असलं तरी दही लागत नाही.

हे पत्र कशासाठी नाही, तेही समजून घ्या

हा ना हरकत दाखला नव्हे. कबड्डी, खो-खो किंवा दुसऱ्या एखाद्या खेळातला खेळाडू संघ बदलत असेल, तर त्या खेळाच्या जिल्हा संघटनेचे नियम असतात. ते कागद वेगळे करावे लागतात. संघटनेच्या कार्यालयात आधी विचारा.

हा चारित्र्याचा सरकारी दाखलाही नव्हे. तो पोलिसांकडून मिळतो. नोकरीसाठी शिफारस, भाड्याच्या घरासाठी हमी, कर्जासाठी जामीन, यातलं काहीही या पत्रात येऊ देऊ नका. सभासदाने प्रेमाने मागितलं तरी नको. पुढे काही झालं तर मंडळाचं नाव अडकतं.

हे पत्र एका मंडळाने दुसऱ्या मंडळाला लिहायचं. हा माणूस आमच्यात होता, त्याने हे केलं, आता तो तुमच्याकडे येतोय, त्याला सामावून घ्या. एवढंच.

पहिलं काम: त्या माणसाला विचारा

पत्र लिहायला बसण्याआधी सभासदाशी बोला. चहाला बोलवा किंवा घरी जाऊन या.

नवा पत्ता कोणत्या भागात आहे, ते विचारा. पूर्ण पत्ता नको, भाग पुरे.

तिकडे गेल्यावर काय करायला आवडेल, हे आवर्जून विचारा. इथे जे केलं तेच त्यांना तिथे करायचं असेल असं धरून चालू नका. पंधरा वर्षं हिशेब लिहून कंटाळलेल्या माणसाला आता नुसतं गाणं ऐकायचं असेल. तुम्ही पत्रात "उत्तम हिशेबनीस" असं लिहिलंत, तर तिथे पाऊल ठेवताच त्याच्या हातात वही येईल.

पत्रात काय लिहिलेलं चालेल आणि काय नको, तेही विचारा. एखाद्याला आपलं वय सांगायचं नसतं. एखादीला आपण एकटी राहतो हे कळू द्यायचं नसतं. त्यांची इच्छा शेवटची.

आणि त्यांना पत्रच नको असेल, तर आग्रह करू नका. काही माणसांना नव्या ठिकाणी नव्याने सुरुवात करायची असते.

दुसरं काम: पत्र कुणाला लिहायचं ते शोधा

"ज्यांच्याशी संबंधित असेल त्यांस" असा मायना घातलेलं पत्र कुणाचंच नसतं. ते वाचणाऱ्याला वाटतं, हे आपल्यासाठी नाही. म्हणून नाव शोधा.

हे फार अवघड नाही. विरार लोकलमध्ये रोज आपल्यातलेच लोक असतात. कुणाचा तरी भाऊ, कुणाची तरी नणंद त्या भागात राहत असते. दोन फोन केले की तिथल्या मंडळाच्या सचिवांचं नाव मिळतं.

ज्येष्ठ नागरिक संघांचं काम आणखी सोपं आहे. त्यांचा राज्यभराचा महासंघ आहे, फेस्कॉम. गावोगावचे संघ त्याला जोडलेले आहेत. तुमच्या संघाच्या पदाधिकाऱ्यांना विचारा, पुण्यातला किंवा नाशिकचा जवळचा संघ कळेल.

हास्यक्लबाचं तर मूळच आपल्या उपनगरात आहे. १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. आज असे क्लब देशोदेशी आहेत. तुमचा सभासद जिथे जाईल तिथे सकाळी बागेत हात वर करून हसणारी माणसं भेटण्याची शक्यता मोठी आहे.

परदेशी जाणाऱ्यांसाठीही वाट आहे. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ सालापासून आहे. अमेरिका आणि कॅनडातल्या मराठी मंडळांना एकत्र आणणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं. तिथल्या शहरांतल्या मंडळांत गणपती होतो, दिवाळी होते, नाटकं बसतात. तबला वाजवणारा, रांगोळी काढणारी, नाटकात प्रकाशयोजना सांभाळणारा माणूस त्यांना हवाच असतो. फक्त तो आलाय हे त्यांना कळायला हवं.

पत्र योग्य माणसाच्या नावाने गेलं की काय होतं, याचं मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० साली अपुरं राहिलेलं शिक्षण पुरं करायला पुन्हा लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांची ओळख करून देणारं पत्र कोलंबिया विद्यापीठातले त्यांचे प्राध्यापक सेलिगमन यांनी लिहिलं होतं. ते संस्थेच्या नावाने हवेत सोडलेलं नव्हतं. तिथे अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापक फॉक्सवेल यांच्या नावाने होतं. फॉक्सवेल यांनी मग संस्थेच्या सचिवांना कळवलं. नाव होतं, म्हणून ते पुढे सरकलं.

आपलं काम लहान असेल. रीत तीच आहे.

तिसरं काम: पत्रात पाच गोष्टी लिहा

एक. माणसाचं पूर्ण नाव आणि तो कधीपासून तुमच्याकडे आहे. बाईंचं पत्र असेल तर त्यांच्या स्वतःच्या नावाने लिहा. "अमुक साहेबांच्या मिसेस" असं नको. मंडळात काम त्यांनी केलं, साहेबांनी नव्हे.

दोन. त्याने काय केलं. "मनमिळाऊ, कष्टाळू, हरहुन्नरी" असं लिहू नका. हे शब्द सगळ्यांच्याच पत्रात असतात, म्हणून कुणाच्याच कामाचे नसतात. एक खरी गोष्ट लिहा. गणपतीच्या दहा दिवसांत रात्रीची जागरणं कुणी सांभाळली. नदीला पाणी चढलं तेव्हा काठच्या वस्तीत जेवणाची पाकिटं कुणी पोहोचवली. वाचनालयातली फाटकी पुस्तकं घरी नेऊन कुणी शिवली. एवढ्या एका वाक्यात माणूस दिसतो.

तीन. तिकडे त्याला काय करायला आवडेल.

चार. काही अडचण असेल तर ती, त्याच्या संमतीने. खाली बसता येत नाही, खुर्ची लागते. संध्याकाळी नातवंडं सांभाळायची असतात, सकाळीच वेळ मिळतो. हे आधी कळलं की तिथे अवघडल्यासारखं होत नाही.

पाच. आणखी काही विचारायचं असेल तर कुणाला फोन करायचा. हा क्रमांक पदाधिकाऱ्याचा हवा, आणि तो फोन उचलणारा हवा.

पत्र एका पानात बसवा. लांब पत्र कुणी वाचत नाही.

थोडक्यात आणि खरं कसं लिहावं, हे लोकमान्य टिळकांच्या एका पत्रात दिसतं. १९०६ साली लंडनला शिष्यवृत्तीवर जाण्यासाठी विनायक दामोदर सावरकर या तरुणाने अर्ज केला होता. टिळकांनी त्यासाठी श्यामजी कृष्णवर्मा यांना लिहिलं. अर्जदारांची गर्दी एवढी असताना एखाद्याची खास शिफारस करण्यात फारसा अर्थ नाही, हे त्यांनी आधीच मोकळेपणाने सांगून टाकलं. मग मोजकंच सांगितलं. हा मुलगा गेल्या वर्षी पदवीधर झाला. स्वदेशीच्या कामात एवढा उत्साही आहे की त्यापायी त्याने कॉलेजच्या चालकांची नाराजी ओढवून घेतली. सरकारी नोकरी करण्याचा त्याचा विचार नाही. चारित्र्य चांगलं आहे. संपलं.

बघा, त्यात विशेषणांची माळ नाही. एक घडलेली गोष्ट आहे आणि ती वाचणाऱ्याला नेमकी हवी तीच आहे. शिष्यवृत्ती मिळाली.

नमुना

खाली एक नमुना दिला आहे. जसाच्या तसा उतरवू नका. तुमच्या माणसाचं त्यात घाला.

(मंडळाचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक)
जावक क्रमांक आणि दिनांक

प्रति,
(सचिवांचं नाव), सचिव, (नव्या मंडळाचं नाव), विरार पश्चिम

स. न. वि. वि.

आमच्या सभासद श्रीमती (पूर्ण नाव) पुढच्या महिन्यापासून विरारला राहायला येत आहेत. २०११ सालापासून त्या आमच्या मंडळात आहेत.

आमच्या वाचनालयात दर शनिवारी मुलांसाठी गोष्टींचा तास असतो. तो त्यांनी सुरू केला आणि शेवटपर्यंत चालवला. सुरुवातीला चार-पाच मुलं येत. आता सतरंज्या कमी पडतात. दोन वर्षं त्यांनी मंडळाची वर्गणीही जमा केली. हिशेब दर महिन्याला वेळेवर मिळत असे.

मुलांबरोबर काम करायला त्यांना आवडतं. आपल्याकडे असा काही उपक्रम असेल तर त्यांना जरूर बोलवावं. संध्याकाळी सातनंतर त्यांना घराबाहेर पडता येत नाही, एवढं लक्षात असावं.

त्यांच्याकडून मंडळाचं कसलंही येणं बाकी नाही. आणखी काही विचारायचं असल्यास आमच्या सचिवांना (नाव, फोन क्रमांक) फोन करावा.

कळावे, लोभ असावा.

अध्यक्ष                सचिव

चौथं काम: काय लिहायचं नाही, ते पाळा

आधार क्रमांक, पॅन, बँकेचा खाते क्रमांक लिहू नका. आधारची झेरॉक्सही जोडू नका. ओळखीच्या पत्राला त्याची गरज नाही, आणि ती कुणाच्या हाती पडेल सांगता येत नाही.

आजार लिहू नका. "खुर्ची लागते" एवढं पुरे. ऑपरेशन कसलं झालं ते नको.

जात, पक्ष, घरातले वाद, सुनेशी पटतं की नाही, मुलगा किती कमावतो, यातलं काहीच नको.

खोटं लिहू नका. जो कधी सभेला आला नाही, त्याला "धडाडीचा कार्यकर्ता" म्हणू नका. तिकडे लोक त्याच्याकडून कामाची अपेक्षा करतील आणि फजिती त्याचीच होईल. तो सभासद होता, वर्गणी वेळेवर देत होता, उत्सवाला सहकुटुंब येत होता, एवढंच खरं असेल तर एवढंच लिहा. तेही चांगलंच आहे.

राग काढू नका. कुणाशी तुमचं बिनसलं असेल. सभेत भांडण झालं असेल. पत्र ही त्याची जागा नव्हे. मन धजत नसेल तर दुसऱ्या पदाधिकाऱ्याला लिहायला सांगा. पण पत्र अडवून धरू नका. चाललेल्या माणसाची वाट अडवून मंडळाला काही मिळत नाही.

थकबाकी असेल तर

वर्गणी राहिली असेल, वाचनालयाची पुस्तकं घरी असतील, मंडळाची सतरंजी, पातेली किंवा ताशा कुणाकडे असेल, तर ते आधी निस्तरा. पत्राच्या आधी, गोडीने.

बऱ्याचदा माणूस विसरलेला असतो. सामान बांधताना वस्तू सापडते आणि परत द्यायची लाज वाटते. तुम्हीच फोन करून सांगा, "आम्ही पोरांना पाठवतो, खाली आणून ठेवा." काम होऊन जातं.

रोटरीसारख्या मोठ्या संस्थांत सभासद एका क्लबातून दुसऱ्या क्लबात जातो, तेव्हा जुन्या क्लबाची थकबाकी नाही असं लेखी मागता येतं. आपल्या मंडळांतही पत्रात तेवढी एक ओळ घाला. पैशाचं काम द्यायचं असेल तेव्हा नव्या मंडळाला ती ओळ फार कामाची असते.

थकबाकी फिटलीच नाही, तर ती ओळ गाळा. खोटी लिहू नका. बाकीचं पत्र द्या.

जाणारा माणूस पदाधिकारी असेल तर

इथे जरा जास्त काळजी घ्या. अध्यक्ष, सचिव, खजिनदार किंवा विश्वस्त जात असेल, तर नुसत्या पत्राने भागत नाही.

रोकड वही, पावती पुस्तकं, चेकबुक, कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, मंडळाच्या फोनचे आणि ईमेलचे पासवर्ड, सगळं दोघांसमोर ताब्यात घ्या. यादी करा. दोन्हीकडच्या सह्या घ्या. एक प्रत त्यांना द्या. यात अविश्वास नाही. उद्या काही हरवलं तर जाणाऱ्या माणसावर बोट येऊ नये, म्हणून हे करायचं.

बँकेत सही करणाऱ्यांची नावं बदला. ते राहून गेलं की चेकवर सही करायला त्या माणसाला पुण्याहून यावं लागतं.

मंडळ सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं असेल, तर विश्वस्त बदलल्याचं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला कळवावं लागतं. त्याला आपण चेंज रिपोर्ट म्हणतो. बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो द्यायचा असतो. बरीच मंडळं हे विसरतात. मग कधीतरी जागेचं किंवा देणगीचं काम निघतं आणि कागदावर गेलेल्याच माणसांची नावं दिसतात.

पाचवं काम: कागद नीट करा

मंडळाचं लेटरहेड वापरा. तारीख घाला. जावक नोंदवहीत नोंद करून तो क्रमांक पत्रावर लिहा. अध्यक्ष आणि सचिव दोघांच्या सह्या घ्या, खाली नावं लिहा. शिक्का मारा. स्थळप्रत फाइलला लावा.

स्थळप्रत फार महत्त्वाची. दोन वर्षांनी तिकडून फोन आला, "तुम्ही असं पत्र दिलं होतं का?" तर तेव्हाच्या सचिवाला सांगता आलं पाहिजे.

तुमचं मंडळ लहान असेल, लेटरहेड नसेल, तर अडून बसू नका. लोकलच्या डब्यात भजन करणाऱ्या मंडळाला कसलं आलं लेटरहेड? साध्या कागदावर, चांगल्या अक्षरात, बुवांनी स्वतः लिहून सही केली तरी ते पत्रच आहे.

पत्र मराठीत लिहा. मुलाकडे बंगळुरूला किंवा परदेशी जाणाऱ्यांसाठी जोडीला इंग्रजी प्रत द्या. तुमच्यातल्या एखाद्या कॉलेजच्या मुलाला सांगा, तो करून देईल.

मूळ पत्र सभासदाच्या हाती द्या. पाकीट बंद करू नका. आपल्याबद्दल काय लिहिलंय हे त्याला वाचता आलं पाहिजे. काही चुकलं असेल तर तो तिथल्या तिथे सांगेल.

पत्राचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका. त्यावर सह्या असतात, शिक्का असतो. सही उचलून दुसऱ्या कागदावर चिकटवणं आता कठीण राहिलेलं नाही. शिवाय कोण घर सोडून कुठे चाललंय, हे साऱ्या जगाला कळायची गरज नाही. पाठवायचंच असेल तर ज्याच्या नावाने पत्र आहे, त्यालाच पाठवा.

पत्र दिल्यावर एक फोन करा. "आमच्या ताई येत्या रविवारपासून तुमच्याकडे येतायत, जरा बघा." या फोनने पत्राला पाय फुटतात.

जाणाऱ्यांनो, तुमच्यासाठी

मागायला संकोच करू नका. "माझं काय एवढं काम, पत्र कशाला" असं म्हणू नका. कार्यकर्त्यांच्या डोक्यात शंभर कामं असतात. महिनाभर आधी सांगा. टेम्पो दारात उभा असताना अध्यक्षांची सही शोधायची वेळ आणू नका.

पत्र सामानात गुंडाळून ठेवू नका. घराच्या कागदांबरोबर फाइलमध्ये ठेवा. मोबाइलमध्ये एक फोटो ठेवा.

नव्या घरी गेल्यावर पहिल्या महिन्यातच तिथल्या मंडळात जा. आधी घर लागू दे, मग बघू, असं म्हणता म्हणता वर्ष जातं.

पत्र हातात ठेवून रुबाब करू नका. "आमच्या दहिसरला असं नव्हतं" हे वाक्य पहिले सहा महिने तोंडातून काढू नका. आधी सतरंजी घाला, खुर्च्या लावा, आरतीला उभे राहा. तुम्ही कोण आहात ते पत्र सांगेल, तुम्ही कसे आहात ते हातांनी दाखवा.

आणि इकडे अधूनमधून या. जवळ असाल तर उत्सवाला या. लांब असाल तर फोन करा. परत यायचं ठरलं, तर तिकडच्या मंडळाकडून असंच एक पत्र घेऊन या.

आपल्याकडेही माणसं येतात

आता शेवटची गोष्ट. दहिसरमधून माणसं जातात, तशी येतातही. आपल्यातली कितीतरी घरं गिरगाव, लालबाग, परळ सोडून इकडे आलेली आहेत. आजही कोकणातून, देशावरून, नव्या इमारतींत नवी कुटुंबं येतायत. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, दहिसर पूर्वेहून मेट्रो सुरू झाली. अंधेरीकडे कामाला जाणाऱ्यांना इथलं घर आता अधिक सोयीचं वाटतं.

त्यांच्यातलं कुणी पत्र घेऊन आलं, तर ते वाचून खिशात ठेवू नका. पुढच्या बैठकीत वाचून दाखवा. त्या माणसाला नावाने हाक मारा. पहिल्याच महिन्यात एक छोटं काम द्या. मोठं नको, छोटं. प्रसाद वाटायचं, यादी करायची, माइक लावायचा. काम मिळालं की माणूस आपला होतो.

पत्राला उत्तरही द्या. "आपलं पत्र पोहोचलं, श्रीमती अमुक आमच्याकडे रुजू झाल्या." दोन ओळी पुरेत. पाठवणाऱ्या मंडळाचा जीव भांड्यात पडतो.

आणि कुणी पत्र न घेता आलं, तर त्याला "आधी पत्र आणा" असं कधीही म्हणू नका. त्याच्या जुन्या मंडळाचं नाव विचारा आणि तुम्हीच फोन करा. पत्र दार उघडण्यासाठी आहे. ते दाराचं कुलूप होता कामा नये.

आता एवढं करा

येत्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या. दोन गोष्टी ठरवा. पत्र लिहायची जबाबदारी कुणाची, आणि ती व्यक्ती नसेल तर कुणाची. तेवढं इतिवृत्तात लिहून ठेवा, म्हणजे पदाधिकारी बदलले तरी रीत राहील.

मग तुमच्या सभासदांची यादी काढा. येत्या सहा महिन्यांत कोण कोण जागा सोडणार आहे, त्यांच्या नावापुढे खूण करा. पहिल्या खुणेच्या घरी या रविवारी जाऊन या.